घरी शिकणाऱ्या लहान मुलांचं आठवड्याचं वेळापत्रक कसं असावं?

तुमची मुलं ५ आणि ८ वर्षांची, दोघांना घरीच शिकवायचं ठरलंय आणि तुम्हाला सोमवार ते शनिवार विषयवार तक्ता हवाय. खरं सांगू? असा तक्ता भिंतीवर लावायचा असेल तर मुलांना शाळेतच घाला. तासांचं काम शाळा तुमच्यापेक्षा बरं करते, घंटाही त्यांच्याकडे आहे.

आमच्याकडे ठरलेलं असतं ते एवढंच: आंघोळ-नाष्टा झाला की तास-दीड तास बैठक. थोरला मोठ्यानं वाचतो. धाकटा पाटीवर गिरवतो, किंवा गिरवायचं सोडून दादाचं ऐकत बसतो. मी ते चालवून घेते, कारण निम्मी अक्षरं तो तशीच शिकलाय. मग थोडं गणित. बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट मिळतात, त्याच वापरतो. महागड्या किटांच्या नादी लागू नका. दुपारनंतर बैठक नाही. शनिवारी मुलं बाबांच्या ताब्यात, त्यात मी नाक खुपसत नाही.

महिनाअखेरीला दुधाचा हिशोब थोरल्याकडे असतो. कालनिर्णयच्या चौकोनात रोजचं दूध लिहिलेलं असतं: दीड, दीड, पाहुणे आले म्हणून अडीच, कुणी गावाला गेलं म्हणून पाऊण. दूधवाले काका आले की हा वही घेऊन दारात उभा. अपूर्णांक शिकवायला मला वेगळं बसावं लागलं नाही.

पण आठवडा कसा जातो म्हणून विचारलंत, तर एक आठवडा सांगते. त्याच्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे.

आम्ही कराडचे. प्रीतिसंगमावर मुलं नेहमी जातात. कृष्णा आणि कोयना तिथं समोरासमोर येऊन भिडतात आणि मग एकत्र पूर्वेकडे वळतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उन्हाळ्यात एकदा थोरल्यानं विचारलं, "दोन्ही महाबळेश्वरहून निघतात ना, मग तोंडाला तोंड कशा येतात? शेजारीशेजारी यायला पाहिजेत." मी म्हटलं, करून बघ.

मागच्या अंगणात, पेरूखाली, मातीचा ढीग झाला. तो महाबळेश्वर. वरून तांब्यानं पाणी. पहिल्यांदा पाणी मुरूनच गेलं. मग खाली खताचं रिकामं पोतं अंथरलं, तर अख्खं महाबळेश्वर घसरून खाली आलं. शेवटी धुण्याच्या धोपटण्यानं माती ठोकून घट्ट केली (सासूबाईंचं धोपटणं, त्यावरून वेगळं रामायण). आता पाणी धरलं, पण दोन्ही चर उतारानं सरळ खाली, एकमेकींकडे ढुंकूनही न बघता. थोरला रडकुंडीला आला. मला तोंडावर उत्तर येत होतं. गिळलं.

मग त्यानं फोनवर नकाशा काढला आणि बघत बसला. कोयना डोंगराच्या दोन रांगांमधून लांबवर दक्षिणेकडे येते आणि हेळवाकजवळ पूर्वेला वळते. म्हणजे मधे डोंगर पाहिजे. विटांची रांग लागली. वळणावर आडवी वीट बसली. पाणी वळलं, पाटणवरून कराडला आलं आणि समोरून कृष्णा. दोघं असे ओरडले की शेजारच्या काकू कंपाउंडवरून डोकावल्या.

इथं संपलं असतं, पण धाकट्याला धरण पाहिजे होतं. त्यानं कोयनेत मांडणीवरची ताटली उभी रोवली. कराडला पाणी बंद. थोरला चिडला. संध्याकाळी त्यांचे बाबा आले, त्यांनी सांगितलं की कोयना धरणातलं बरंच पाणी इकडं येतच नाही, बोगद्यांतून घाटाखाली पोफळीला जातं, तिथं वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीतून चिपळूणकडे, पुढं समुद्रात. दुसऱ्या दिवशी कूलरचा जुना पाइप धरणातून ढिगाच्या पलीकडे निघाला. चिपळूण आमच्या तुळशीपाशी. धरणाचा विषय निघाला म्हणून सासऱ्यांनी ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची गोष्ट सांगितली, पहाटेच्या थंडीत सगळी आळी कशी बाहेर रस्त्यावर बसली होती ते. त्या आठवड्यात भाषेच्या वहीत एक ओळ नाही. पाढे नाहीत.

आणि नेमक्या तेव्हाच वन्सं माहेरपणाला आल्या. माझी नणंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, तिसरी-चौथीचे वर्ग. दारात पाऊल ठेवलं आणि समोर दोन मातीचे गोळे. "काय रे, आज काय शिकलात?" धाकटा म्हणाला, "चिखल."

झालं. रात्री जेवताना विषय निघालाच. "वहिनी, एका पानाच्या धड्याला तुम्ही आठवडा घालवता? मी तो एका तासात संपवते. चाळीस पोरं असतात माझ्यासमोर." मग त्यांनी थोरल्याला सात नव्वे विचारले, तो अडला, त्यांनी सासूबाईंकडे बघितलं. तुझ्या हौसेपायी पोरांचं वाटोळं होणार, हे सासूबाई स्पष्ट बोलल्या नाहीत, पण त्यांच्या भाकरी मोडण्यातून कळत होतं.

माझं म्हणणं आजही तेच आहे. चाळीस पोरं असली की एका तासात संपवावंच लागतं, ती त्यांची अडचण आहे, पद्धत नव्हे. माझ्यासमोर दोनच आहेत, मी घाई कशाला करू? सात नव्वे पुढच्या पंधरवड्यात पाठ झाले. पाढ्याला वय लागत नाही. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं आत्याला विचारलं, पोफळीला पाणी पोचल्यावर आपल्याला परत का देत नाहीत? वन्सं म्हणाल्या, मोठा झालास की कळेल. मला भांडायचं नाही, पण हे उत्तर मी मुलांना कधी दिलेलं नाही.

त्यामुळे तुमच्या घरात कुणी शिक्षक असतील तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, जेवताना तोंडी परीक्षा नाही. मुलांच्या अभ्यासापेक्षा ते जास्त महत्त्वाचं आहे. सासूबाईंनाही सांगा.

आता कागदपत्रं, कारण वन्संनी ती भीतीही घातली होती, "उद्या शाळा घेणार नाहीत." शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ४ वाचा: आधी शाळेत न गेलेल्या मुलाला वयानुसार वर्गात प्रवेश द्यायचा आहे. घरी शिकवण्याबद्दल त्या कायद्यात सरळ तरतूद नाही, हेही खरं. दहावीचं म्हणाल, तर राज्य मंडळाच्या १७ नंबरच्या फॉर्मला (शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसायचा तो) शाळा सोडल्याचा दाखला मागतात. शाळेचं तोंडच न बघितलेल्या पोराकडे तो कुठून येणार? म्हणून आमची नजर एनआयओएसवर आहे, म्हणजे केंद्राच्या मुक्त विद्यालयावर; तिथं दहावीला १४ वर्षं पूर्ण लागतात. तुमचा मोठा आत्ता शाळेत असेल तर काढताना दाखला मागून घ्या आणि जपून ठेवा.

तुम्ही दोघं नोकरीला जात असाल तर मात्र हे जमणार नाही, आजी-आजोबांच्या जिवावर तर अजिबात नाही. आणि मोठ्याला शाळा आवडत असेल, तिथं त्याचे मित्र असतील, तर त्याला राहू द्या. धाकट्यापासून सुरुवात करा.