नाडीच्या जागची जखम आणि कर्करोगाची शंका

तुमच्या आईंच्या कमरेवर परकराच्या नाडीखाली आठ महिने जखम आहे, आणि 'तिथे ऊन लागतच नाही, मग त्वचेचा कर्करोग कसा?' असं तुम्ही विचारलंय. होऊ शकतो. ऊन हे एक कारण झालं. वर्षानुवर्षं घासलेली किंवा भाजलेली कातडी हे दुसरं. टाटा हॉस्पिटलचे डॉ. खानोलकर यांनी १९४५ सालीच धोतराच्या गाठीखालच्या कर्करोगावर लिहिलं होतं. काश्मिरात थंडीत अंगाशी धरतात त्या कांगडीच्या, म्हणजे निखाऱ्यांच्या शेगडीच्या, शेकानं तो पोटावर, मांड्यांवर होतो.

नाडीचा काळा वळ साडी नेसणाऱ्या बऱ्याच बायकांना असतो आणि बहुतेकींचा तेवढ्यावरच थांबतो, हे आधी लक्षात घ्या. पण बारीक नाडी, घाम आणि रोज तीच जागा यामुळे काहींना तिथे खाज सुटते, खवले धरतात, कातडी जाड होते, मधेच पांढरी पडते, चिरते. चीर भरते, पुन्हा उघडते. कडा उचललेली आणि हाताला टणक लागली, सहज रक्त आलं, फुलकोबीसारखा मांसल उंचवटा आला, वास यायला लागला, की थांबू नका. खरं तर चार आठवड्यांत न भरलेली कुठलीही जखम दाखवायलाच हवी.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो नायटा समजून दुकानातून आणलेल्या स्टिरॉइडच्या ट्यूबमध्ये. खाज कमी होते, आतलं वाढत राहतं. ती ट्यूब आजच बंद करा.

त्वचारोगतज्ज्ञांकडे बायॉप्सी करून घ्या. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात, एकदोन टाके पडतात. तुकडा जखमेच्या उचललेल्या कडेचा हवा. नुसता मधला घेतला तर मेलेल्या पेशीच हाती लागतात आणि अहवाल फसवा येतो. अहवालात काही नाही आणि जखम मात्र तशीच, असं झालं तर पुन्हा करायला सांगा. 'सुरी लागली की पसरतो' ही भीती कृपा करून मनातून काढा, तिच्यापायी माणसं वर्षभर घरी बसतात. जांघेत आणि काखेत गाठी आहेत का, तेही तपासून घ्या.

वेळेत सापडला तर भोवतीच्या निरोगी कातडीसकट कापून काढणं हाच मुख्य उपचार, आणि तेवढ्यानं बहुतेक जण बरे होतात. जागा मोठी असेल तर त्वचारोपण लागतं.

तोवर नाडीऐवजी दोनतीन इंच रुंद पट्टा लावा, सैल बांधा, आणि जखमेच्या वर किंवा खाली घ्या. घरात गाऊन घातला तर उत्तमच. जाल तेव्हा तळपाय आणि नखंही दाखवा: मेलॅनोमा हा काळा कर्करोग आपल्याकडे बरेचदा तिथेच सापडतो.