लुगड्यांपासून सुरुवात करा, पण हवा पाहून

आपल्या प्रश्नाचा सारांश असा की, घराणे मूळचे जळगाव जिल्ह्यातले, वास्तव्य आता पुण्यात फ्लॅटमध्ये, आजीची नऊवारी लुगडी कपाटात तशीच ठेवलेली, आणि घरात नऊ व तेरा वर्षांची दोन मुले. अशा घरात वर्षभर सगळ्यांनी मिळून हाताने काय करावे, आरंभ कोठून करावा आणि भाद्रपद-आश्विनात घरी बसवल्या जाणाऱ्या गुलाबाईची गाणी मुलांना कशी शिकवावीत. माझे उत्तर असे की, आरंभ त्या लुगड्यांपासूनच करावा, त्यांची गोधडी शिवावी, आणि ती आखाजी (अक्षय्य तृतीया) ते मृग या दिवसांत शिवावी. बाकीची कामेही मुलांच्या आवडीनुसार न निवडता हवेनुसार निवडावीत. खानदेशातल्या घरांत हातकाम असेच ठरत आले आहे आणि त्याला सबळ कारण आहे.

वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. दुपारी शेतात उभे राहवत नाही, कोरडवाहू जमिनीत पेरणीला अवकाश असतो, मुलांना सुट्टी असते आणि आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात. म्हणजे जागा, वेळ आणि हात या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घरात असतात आणि बाहेर ऊन असते, ज्यात धुतलेला कपडा तासाभरात कोरडा होतो व सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळपर्यंत कडक होऊ लागते. श्रावण-भाद्रपदात हवा ओलसर असते, म्हणून ते दिवस मातीकामाचे. दसरा-दिवाळीपासून शेतात कापूस फुटतो, तेव्हा वाती वळायच्या. यावल तालुक्यातल्या आमच्या घरी आजही हाच क्रम पाळला जातो, आणि पुण्याच्या हवेतही तो थोड्या फरकाने चालण्यासारखा आहे.

आता गोधडी. सुती लुगडे साधारण आठ मीटर लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद असते. लांबीचे चार सारखे भाग केले की दोन मीटरचे चार पदर, म्हणजे थर, मिळतात, आणि एका माणसाला अंथरायला किंवा पांघरायला हे माप पुरेसे होते. मात्र लुगड्याची सरळ चौघडी करू नये. सगळी लुगडी उजेडात उलगडून पाहावीत. बसण्याच्या आणि निऱ्यांच्या जागी कापड विरलेले असते, ते भाग आत घालावेत, आणि पदराकडचे, काठ शाबूत असलेले भाग वरच्या व खालच्या बाजूस राखावेत. रेशमी किंवा जरीच्या लुगड्याला हात लावू नये. ते नेसण्यासाठीच ठेवावे. आतल्या पदरांसाठी जुनी धोतरे, सुती चादरी, मऊ झालेले सदरे चालतात. शिवणी उसवून, गुंड्या काढून ते सपाट करून घ्यावेत. पॉलिस्टर किंवा नायलॉनचे कापड एकाही पदरात नको. ते सुती कापडावरून घसरते, धुतल्यावर आटत नाही, आणि भोवतालचे सुती पदर आटले की त्या जागी फुगा येतो. याच कारणाने सगळे कापड शिवण्यापूर्वी गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावे, म्हणजे जे आटायचे ते आधीच आटून जाते आणि जुनी खळही निघते.

पदर रचण्यासाठी घरातली सर्वांत मोठी मोकळी फरशी लागेल. फ्लॅटमध्ये त्यासाठी दिवाणखान्यातले सामान एका बाजूला सारावे लागेल, आणि ते सारावेच, कारण पलंगावर रचलेली गोधडी कधीच सपाट येत नाही. खालचा पदर उलटा अंथरून चारी कोपऱ्यांवर वजन ठेवावे. आमच्याकडे पाटा, वरवंटा आणि धान्याचे डबे यांचा उपयोग होतो. त्यावर आतले पदर एकेक करून ठेवावेत, प्रत्येक पदर मधून कडेकडे हाताने निपटावा, आणि शेवटी वरचा पदर सुलट घालावा. मग लांब लांब कच्चे टाके मध्यापासून कडेकडे घालावेत, म्हणजे सुरकुती बाहेर सरकत जाते. पक्की शिवण मात्र उलट दिशेने चालते: कडेपासून आरंभ करून चौकोनी फेऱ्या घेत आत मध्यापर्यंत. दोन ओळींत एका बोटाचे अंतर असावे आणि टाका गव्हाच्या दाण्याएवढा असावा. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नये, कारण तो पिळतो आणि गाठी पडतात. मेणावरून एकदा ओढून घेतला तर कापडातून सहज सरकतो. सुरुवातीची गाठ पदरांच्या आत दडवावी.

चार बाजूंना चार माणसे बसू शकतात हा गोधडीचा मोठा गुण आहे, आणि मुलांसोबत करण्यासारखे काम म्हणून मी तिची शिफारस करतो ती यासाठीच. नऊ वर्षांच्या मुलाने सुया ओवून द्याव्यात, कापड ताणून धरावे, कच्चे टाके घालावेत. तेरा वर्षांचे मूल अंगुस्तान घालून पक्की ओळ चालवू शकते. मुलांचे टाके मोठे आणि वाकडे येतील, पण ते उसवू नयेत. गोधडीच्या मजबुतीला टाक्यांच्या संख्येने फरक पडतो, एखाद्या ओळीच्या वळणाने पडत नाही, आणि पुढे अनेक वर्षे कोणती ओळ कोणाची हे घरात ओळखू येते. ऊन चढल्यावर दारे-खिडक्या लावून, पंख्याखाली दुपारी दोन तास बसावे. सुट्टी संपेपर्यंत एक गोधडी पुरी झाली तर ती गती चांगली समजावी. शिलाई मशीनवर काम लवकर उरकेल हे खरे, पण मशीनची घट्ट शिवण पदरांना ताठ करते, शिवाय मशीनसमोर एकालाच बसता येते.

याच दिवसांत वाळवणही होते. पापड, शेवया, बिबड्या, कुरडया या सगळ्या गोष्टी एका फ्लॅटमध्ये करण्याचा आग्रह धरू नये. पहिल्या वर्षी एक किलो गव्हाच्या कुरडया पुरेत. गहू तीन दिवस भिजवावेत आणि रोज पाणी बदलावे. मग वाटून, पिळून, गाळून जो चीक निघतो तो रात्रभर स्थिर ठेवून सकाळी वरची निवळी ओतून टाकावी. चीक जितका असेल साधारण तितकेच पाणी मीठ व हिंग घालून उकळावे आणि त्यात चीक धारेने सोडावा. येथे दोन मोठी माणसे हवीतच, एक ओतायला आणि दुसरे न थांबता लाकडी दांड्याने घोटायला. गाठी झाल्या तर सोऱ्यातून तार सलग पडत नाही. चीक चकाकू लागला आणि ओल्या बोटाला चिकटेनासा झाला की शिजला असे समजावे. मुलांना वाटीभर गरम चीक तेल किंवा तूप-साखर घालून द्यावा. कुरडया गरम चिकाच्याच घालाव्या लागतात, म्हणून सकाळी लवकर आरंभ करून ऊन तापण्याआधी गच्चीवर स्वच्छ कापडावर त्या घालून घ्याव्यात. पुण्यात वळवाचा पाऊस बहुधा दुपारनंतर येतो, तेव्हा दुपार कलताच कापडासकट वाळवण आत घेण्याची जबाबदारी मुलांवर सोपवावी.

हिवाळ्याचे काम हलके आहे. कापसातली सरकी हाताने काढून, बोटांनी पिंजून फुलवाती आणि लांब वाती वळणे हे आजी-आजोबांना सोबत घेऊन करण्याचे काम आहे, कारण त्यात डोळ्यांपेक्षा बोटांच्या सवयीचा भाग जास्त असतो. आपल्या बाल्कनीत मोठी कुंडी ठेवता येत असेल तर देवकापसाचे झाड लावावे. गावाकडून येणाऱ्या कोणाला केळीचे सोपटही, म्हणजे खांबावरची सालपटे, आणायला सांगावे. ते उभे फाडून, ओले करून त्यात झेंडू ओवला तर दसऱ्याच्या तोरणाला दुसरा दोरा लागत नाही. रावेर-यावलकडे केळीचा घड कापल्यावर खांब शेतातच पडून राहतात, त्यामुळे सोपटाला तोटा नसतो.

पावसाळ्यातले मातीकाम मी क्रम मोडून शेवटी घेतले आहे, कारण आपल्या प्रश्नातली गुलाबाई त्यातच येते. श्रावणातल्या अमावास्येला पोळा, त्यानंतर भाद्रपदात गणपती, आणि भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत महिनाभर गुलाबाई, असा हा ओळीने येणारा क्रम आहे. काही गावांत तिला भुलाबाई म्हणतात. मुलांचा हात या क्रमानेच तयार करावा. बैल सर्वांत सोपा: चार जाड पाय, एक वशिंड, दोन शिंगे. गणपतीला सोंड आणि कान आले. गुलाबाई आणि गुलोजी म्हणजे शेजारी बसलेले पार्वती आणि शंकर; त्यांत दोन मूर्तींची उंची व बैठक जुळवावी लागते, म्हणून ते काम शेवटी.

खानदेशातली काळी माती कपाशीला उत्तम असली तरी मूर्तीला एकटी चालत नाही. ती ओली झाली की फुगते आणि वाळताना इतकी आकसते की उन्हाळ्यात शेतालाही भेगा पडतात. म्हणून आपण पुण्यात सहज मिळणारी शाडू माती घ्यावी. भिजवलेल्या मातीत पिंजलेला कापूस थोडा थोडा घालून चांगली मळावी. कापसाचे तंतू माती धरून ठेवतात आणि तडा जाण्याचे प्रमाण कमी होते. पाय, सोंड, हात जोडताना दोन्ही बाजू काडीने ओरखडून, पातळ कालवलेली माती लावून मगच दाबाव्यात. नुसते चिकटवलेले अवयव वाळल्यावर गळून पडतात आणि मुलांचा हिरमोड होतो. जाड मूर्ती खालून कोरून पोकळ करावी. ती उन्हात ठेवू नये. पहिले एक-दोन दिवस वर ओलसर फडके झाकून सावलीत वाळवावी, म्हणजे आत-बाहेर सारख्या गतीने वाळते. पावसाळी हवेचा येथे उपयोग होतो. रंगासाठी गेरू आणि हळद पुरे. विसर्जन बादलीत केले तर खाली बसलेली माती पुन्हा मळून पुढच्या पोळ्याचे बैल करता येतात.

गाण्यांविषयी आपण विचारले आहे की ती कशी शिकवावीत. आपल्या घराण्यातल्या ज्येष्ठ स्त्रियांना, आत्या, मावशी, मोठी आई, ज्या कोणी असतील त्यांना फोन करून म्हणायला सांगावे आणि तो आवाज जतन करावा. गावागावांत शब्द वेगळे असतात, कडवी कमी-जास्त असतात. आपल्या घरचा पाठ कोठे छापलेल्या पाठाशी जुळला नाही तर तो सुधारू नये, आपल्या घरी म्हणत आले तसाच ठेवावा. आधी चाल बसवावी, कारण ती एकदा तोंडात बसली की शब्द मागोमाग येतात. सोसायटीतल्या मुलींना भोंडला माहीत असेल, सासर-माहेरची गाणी त्यातही आहेत, तेव्हा त्यांना बोलावल्यास फेर सहज जमेल. मुलग्यांनाही, मी आग्रहाने सांगतो, वेगळे बसवू नये. गाणी झाल्यावर खाऊ ओळखण्याचा भाग मात्र कधीही गाळू नये. बंद डब्यात काय आहे हे वास घेऊन, डबा हलवून सगळ्यांनी सांगायचे आणि ओळखल्याशिवाय तो उघडायचा नाही. रोज कोणाच्या घरचा डबा याची पाळी ठरवली की महिनाभर पोरे आपणहून जमतात, आणि आपल्या पाळीला काय करायचे हे ठरवण्यासाठी ती आदल्या दिवसापासून स्वयंपाकघरात येऊन बसतात.