लेक म्हणते, डोंगरात गाईड व्हायचंय

डोंबिवलीहून एका आईचं पत्र आलं आहे. लेक एकवीस वर्षांची, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. मे महिन्यात उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करून आली, ‘ए’ ग्रेड मिळाली. तेव्हापासून तिचं एकच पालुपद: परीक्षा देत नाही, पुढचा कोर्स करते आणि माउंटन गाईड होते. वडील मध्य रेल्वेत मोटरमन. पंधरा दिवस झाले, बापलेकीत बोलणं बंद आहे. आई लिहितात, “सर, तिला इंजिनिअरच हो असं आम्ही कधी म्हटलं नाही. पण ही काय नोकरी आहे का? मुलीच्या जातीला यात पोट भरता येईल का? आणि जिवाचं काय? तुम्हीच समजवा तिला.”

ताई, समजवा म्हणजे परत फिरवा, असं तुम्हाला म्हणायचं असेल तर ते माझ्याकडून होणार नाही. परीक्षेच्या बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. कोर्सच्या बॅचेस दरवर्षी निघतात, आणि नाव तसंही बरंच आधी घालावं लागतं. इतकी वर्षं घासून आणलेली पदवी शेवटच्या सहा महिन्यांसाठी सोडायला काही कारण नाही. बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर पोचल्या, त्याआधी एम.ए., बी.एड. झालेल्या होत्या.

आता मुख्य गोष्ट. लेकीच्या डोक्यात दोन कामांची सरमिसळ झाली असावी, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. एक काम आल्पाइन क्लायंबरचं. दोघं-तिघंच जायचं, सगळं सामान पाठीवर, आधी लावून ठेवलेले दोर नाहीत, वरचे कॅम्प भरून ठेवलेले नाहीत, एका दमात वर आणि खाली. १९७५ मध्ये राइनहोल्ड मेसनर आणि पीटर हाबेलर हे दोघेच गिर्यारोहक अशा पद्धतीने गॅशरब्रुम-१ या आठ हजार मीटरहून उंच शिखरावर जाऊन आले, तेव्हा गिर्यारोहणाचं जग चकित झालं होतं. मला या प्रकाराबद्दल मनापासून आदर आहे. पण त्याला पगार नसतो. हे करणारी बहुतेक माणसं पोटासाठी दुसरं काही करतात, आणि ते ‘दुसरं काही’ पुष्कळदा गाईडचंच काम असतं.

गाईडचं काम म्हणजे काय, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. गढवालमध्ये ट्रेकला गेलो होतो. शेवटचा कॅम्प साधारण ४,७०० मीटरवर, दुसऱ्या दिवशी पहाटे खिंड ओलांडायची. डोकं ठणकत होतं, पण मी कोणाला बोललो नाही. रजा टाकून, पैसे भरून इतक्या लांब आलेलो. आमचा गाईड तिशीतला, तिथल्याच गावचा. जेवणानंतर तंबूत डोकावला. माझ्या ताटात खिचडी अर्धी तशीच होती, तिच्याकडे पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. काठीने बर्फात एक सरळ रेघ ओढली. म्हणाला, टाचेला अंगठा लावत या रेघेवरून चला. पाचव्या पावलाला मी डावीकडे कललो. पुन्हा चालायला लावलं, पुन्हा कललो. त्याने माझ्याशी वाद घातला नाही. माझी सॅक भरली, एक पोर्टर बरोबर घेतला आणि टॉर्चच्या उजेडात मला रातोरात खाली उतरवलं. खाली पोचेपर्यंत मी त्याच्यावर चिडलेलो होतो. उंचीमुळे मेंदूला सूज यायला लागली की आधी तोल जातो आणि अशा माणसाला लगेच खाली आणणं हाच खरा उपाय असतो, हे मला पुढे मुंबईत डॉक्टरांनी सांगितलं.

त्या मुलाला अर्धं ताट दिसलं. ताई, या धंद्याचं सगळं मोल त्या दिसण्यात आहे. तो स्वतः किती अवघड कडे चढतो, हे मी त्याला कधी विचारलंही नाही.

म्हणून लेकीला विचारायचा प्रश्न असा: सात जणांच्या तुकडीतल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाबरोबर दिवसभर शेवटी राहायला तुला आवडेल का? की तुझं लक्ष सारखं पुढे जाईल? पुढे जात असेल तर तिने चढाईचा छंद जन्मभर जोपासावा, पण चरितार्थासाठी दुसरं काम शोधावं. यात कमीपणा काही नाही.

तुमच्या यजमानांना हा भाग वाचून दाखवा. लोकल दारापर्यंत भरलेली, प्रत्येकाला ऑफिस गाठायचंय, आणि सिग्नल लाल झाला तर मोटरमन गाडी थांबवतो. मागे कोण काय बोलतंय याचा विचार करत नाही. गाईडही तसाच. किती वाजले की मागे फिरायचं, हे आदल्या रात्री ठरतं, आणि शिखर समोर दिसत असलं तरी ती वेळ पाळायची असते. फक्त तिथे सिग्नल कोणी लावून दिलेला नसतो. उतार हिमस्खलनाचा, म्हणजे तीस ते पंचेचाळीस अंशांचा, आहे का, काल रात्री नवा बर्फ किती पडला, वारा कुठल्या बाजूने आला, ऊन कधीपासून तापतंय, यावरून तो स्वतः वाचायचा असतो.

जिवाचं काय, याला मी गोड उत्तर देणार नाही. ४ ऑक्टोबर २०२२ ला, लेकीने जिथे कोर्स केला त्याच संस्थेच्या अ‍ॅडव्हान्स तुकडीवर द्रौपदी का डांडा-२ शिखराजवळ हिमस्खलन झालं. २९ जण गेले. त्यांत प्रशिक्षक सविता कंसवाल होत्या. त्याच वर्षी मे महिन्यात सोळा दिवसांत एव्हरेस्ट आणि मकालू अशी दोन शिखरं त्यांनी केली होती. म्हणजे अनुभव, ताकद, शिक्षण सगळं असून धोका उरतोच. लेकीला हे माहीत असणार. घाबराल म्हणून तिने तुम्हाला सांगितलं नसेल, तर तुम्हीच विषय काढा आणि तिचं ऐकून घ्या. विम्याचंही आत्ताच बघा. नेहमीच्या अपघात विम्यात गिर्यारोहण बऱ्याचदा वगळलेलं असतं, आणि आयुर्विमा घेताना हा व्यवसाय लपवला तर पुढे दावा अडकतो.

पोटाचं गणित असं. इथे बहुतेकांना महिन्याचा पगार नसतो, दिवसाचा दर असतो, म्हणून वर्षाचे किती दिवस भरतात यावर घर चालतं. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हिमालयाचे. जुलै-ऑगस्टमध्ये लडाख आणि स्पितीकडे, कारण तिथे आपल्यासारखा पाऊस नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सह्याद्रीत सुळके, कडे, शाळांची शिबिरं. अशी चार टोकं जोडता आली तर भागतं, नुसत्या हिमालयावर विसंबलं तर निम्मं वर्ष रिकामं जातं. पहिली तीन-चार वर्षं हातात फार पैसे येत नाहीत. तेवढा काळ तिला घरात राहू द्याल का, हा खरं तर तुम्हा दोघांसाठीचा प्रश्न आहे.

शिवाय उत्तरकाशी, मनाली, लेहची मुलं त्या हवेतच वाढलेली असतात. आपली मुलगी समुद्रसपाटीवरून जाणार. ५,५०० मीटरवर हवेचा दाब इथल्या निम्मा असतो, त्याची सवय दर हंगामात नव्याने करावी लागते. तिची जमेची बाजू वेगळी आहे. ट्रेकला जाणारी पुष्कळ माणसं मुंबई-पुण्याची, आणि त्यात बायका आता खूप असतात. आपल्या भाषेत बोलणारी, नीट शिकलेली बाई गाईड म्हणून बरोबर असणं त्यांना हवं असतं. ‘मुलीच्या जातीला’ या शंकेवर मला एवढंच म्हणायचं आहे.

शिक्षणाचा रस्ता थोडक्यात सांगतो. बेसिकला ‘ए’ असल्याने अ‍ॅडव्हान्सचं दार उघडं आहे. त्यातही ‘ए’ आली तर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन, म्हणजे शिकवायचं कसं ते शिकण्याचा कोर्स. सर्च अँड रेस्क्यूचाही करावा. दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा वाइल्डरनेस फर्स्ट रिस्पाँडर कोर्स आठ-दहा दिवसांचा असतो, तो मी सगळ्यात आधी करायला सांगेन. या सगळ्यानंतरही जगभर चालणारा गाईडचा बिल्ला हाती येत नाही. तो आयएफएमजीए या १९६५ मध्ये स्थापन झालेल्या, गाईड संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा. त्यासाठी खडक, बर्फ आणि स्कीइंग अशा तिन्हींत काही वर्षं घासून परीक्षा द्याव्या लागतात. नेपाळची संघटना त्याची सदस्य आहे. डोंबिवलीच्या मुलीला स्कीइंग हा सगळ्यात मोठा डोंगर वाटेल, म्हणून पुढच्या हिवाळ्यात गुलमर्ग किंवा मनालीचा दोन आठवड्यांचा स्की कोर्स करून बघायला हरकत नाही.

परीक्षेपर्यंत मात्र तिने मुंबई सोडायची गरज नाही. मुंब्र्याचे कातळ तुमच्यापासून लोकलने काही स्टेशनांवर. गिरिविहारसारखी १९५४ पासूनची गिर्यारोहण संस्था इथलीच. हिमालयन क्लबचं कार्यालयही मुंबईतच. रविवारी जावं, नवख्यांचे दोर धरावेत, गाठी तपासाव्यात, आणि प्रत्येक चढाई एका वहीत लिहावी: तारीख, जागा, हवा, कोण बरोबर होतं, काय चुकलं. काय चुकलं हा रकाना रिकामा सोडायचा नाही.

एखाद्या रविवारी यजमानांची ड्युटी नसेल तेव्हा त्यांनी तिच्याबरोबर मुंब्र्याला जावं. वर चढायची गरज नाही. ती खाली उभी राहून दुसऱ्या कोणाला दोर देते, तेव्हा तिचे हात आणि नजर कुठे असते तेवढं बघावं. गाडी चालवणाऱ्या माणसाला ते माझ्यापेक्षा लवकर कळेल. मग तिघं मिळून माझ्याकडे या, ती वही घेऊन. मी आधी शेवटचा रकाना वाचणार आहे.