साताऱ्यातील घरापुढच्या उघड्या ओट्यावर कोणते दिवे लावावेत?

साताऱ्यात नव्या घरापुढे साधारण 12 बाय 15 फुटांचा उघडा ओटा आहे, तेथे संध्याकाळी घरच्यांनी बसावे अशी इच्छा आहे आणि दुकानदार दारावर 50 वॉटचा फ्लडलाइट लावण्यास सांगत आहे. तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत आहे की घेऊ नये.

मीही साताऱ्यातच राहतो आणि आमच्या दाराच्या चौकटीवर तसाच दिवा दोन वर्षे होता. असा दिवा चार हजार ल्यूमेनच्या (ल्यूमेन म्हणजे प्रकाश मोजण्याचे एकक) आसपास प्रकाश देतो, आणि तो समोरून थेट डोळ्यांवर आला की बाहुली आकसते व ओट्यापलीकडचे अंगण अधिकच काळोखे दिसू लागते. पावसाळ्याच्या तोंडावर वाळवीचे पंखवाले किडे दाराशीच गोळा होत आणि दार उघडताच घरात शिरत. दिवा काढल्यावर आई पुन्हा ओट्यावर बसू लागली, आणि तेव्हापासून या विषयाकडे मी फार आस्थेने पाहतो.

बसण्यासाठी एकूण सहाशे ते आठशे ल्यूमेन पुरतात. दोन-तीन वॉटचे चार एलईडी दिवे कट्ट्याच्या भिंतीत गुडघ्याएवढ्या उंचीवर, प्रकाश खाली फरशीवर पडेल आणि आतला एलईडी बसणाऱ्याला दिसणार नाही अशा रीतीने बसवावेत. त्यांतला एक पायऱ्यांजवळ असलाच पाहिजे. जेवायला बसायचे असेल तेव्हासाठी वेगळ्या बटणावर सात वॉटचा एक दिवा ठेवावा. रंग 2700 ते 3000 केल्विनचा, म्हणजे पिवळसर घ्यावा, कारण किडे निळसर आणि अतिनील प्रकाशाकडे अधिक ओढले जातात. त्याने किडे पूर्ण थांबत नाहीत, परंतु 6500 केल्विनच्या पांढऱ्या दिव्यापेक्षा निश्चितच कमी येतात. दिवे दारापासून दूर असावेत.

आता पावसाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरे नुकसान तेथेच होते. माण-खटावच्या कोरड्या भागात एखादी हयगय खपून जाईल, पण साताऱ्यात झड लागली की वारा पाऊस आडवा आणतो. म्हणून आयपी 65 (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) लिहिलेलाच दिवा घ्यावा. त्यातील 6 म्हणजे धूळ आत जात नाही आणि 5 म्हणजे कोणत्याही दिशेने आलेला पाण्याचा फवारा त्याला सोसतो. मात्र वायर आत शिरते ती जागा सैल राहिली तर या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तेथे रबरी ग्लँड, म्हणजे वायरीभोवतीची फट बंद करणारे बूच, घट्ट बसवावी आणि वायरीला दिव्याच्या खाली एक झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी तेथूनच ठिबकून जाते. उघड्यावरच्या जोडावर वायरमन नुसती चिकटपट्टी गुंडाळू लागला तर त्याला थांबवावे आणि जोड जलरोधक पेटीतच करून घ्यावा. धातूच्या दिव्यांना अर्थिंग द्यावे आणि बाहेरच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवावी. ओल्या फरशीवर अनवाणी मुले खेळतात, तेव्हा हा खर्च टाळू नये.

सौरदिवे कुंडीशेजारी शोभेला ठीक आहेत, परंतु सलग ढगाळ दिवसांत त्यांची बॅटरी पुरती भरत नाही.

भिंत फोडण्यापूर्वी एका रात्री लांब वायरीवर तीन वॉटचा बल्ब घेऊन घरातील सर्वांना ओट्यावर नेहमीच्या जागी बसवावे, आणि तो जेथे कोणाच्याही डोळ्यांत जात नाही तेथे खडूने खूण करून वायरमनला बोलवावे.