गोळी सोडली आणि डोक्यात करंट सुरू झाले

प्रश्न : मी कोथरूडला राहते, वय ४३. दोन वर्षं नैराश्यासाठी व्हेनलाफॅक्सिन ७५ ची कॅप्सूल चालू होती. बरं वाटायला लागलं म्हणून डॉक्टरांना न विचारता एक दिवसाआड केली आणि गेल्या आठवड्यात पूर्ण बंद. तेव्हापासून मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं होतं. चक्कर, मळमळ, भलतीसलती स्वप्नं, उगाच रडू. सासूबाई म्हणतात, गोळीचं व्यसन लागलंय. हे म्हणतात, आजार उलटला. कोणाचं खरं?

उत्तर : बहुधा दोघांचंही नाही. व्यसनात तलफ येते, डोस वाढवत न्यावा लागतो. तुम्ही तर गोळी टाकायला निघालात! दोन वर्षं मेंदूने या औषधाशी जमवून घेतलं होतं, ते झटकन काढून घेतलं, म्हणून हा त्रास. आजार उलटतो तो सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू: सकाळी उठावंसं वाटत नाही, कशात गोडी राहत नाही. तुमचा त्रास गोळी थांबताच सुरू झाला, आणि नैराश्यात मान वळवली म्हणून कोणाला करंट लागत नाही.

ही एक दिवसाआडची युक्ती कोण पसरवतं कोण जाणे! व्हेनलाफॅक्सिनची रक्तातली पातळी साधारण ५ तासांत निम्मी होते, शरीरात त्यापासून तयार होणाऱ्या घटकाची ११ तासांत. म्हणजे दर दोन दिवसांनी तुम्ही औषध नव्याने सोडत होतात. पॅरॉक्सेटिन हे नैराश्यावरचं दुसरं औषधही असंच त्रास देतं. फ्लुओक्सेटिन हे तिसरं औषध मात्र शरीरात कित्येक आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते सोडणं त्यामानाने सोपं जातं.

तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करा. ‘रागावतील’ म्हणून टाळू नका. रागावले तर रागावले. बहुतेकदा जुना डोस पुन्हा सुरू करतात आणि करंट काही दिवसांत थांबतात. मग ७५ वरून ३७.५, आणि तिथे काही आठवडे मुक्काम. खरी गोची पुढे आहे. मेंदूवर या औषधाचा परिणाम कमी डोसलाही बराच असतो, त्यामुळे ३७.५ वरून एकदम शून्य ही सगळ्यांत मोठी उडी ठरते. त्यासाठी काही डॉक्टर कॅप्सूलमधले दाणे थोडे थोडे कमी करायला सांगतात, काही जण मध्ये फ्लुओक्सेटिन देतात. हे घरच्या घरी करू नका: काही कॅप्सूलमध्ये दाणे नसतातच, छोट्या गोळ्या असतात, आणि त्या चावायच्या किंवा कुटायच्या नसतात.

महिने लागले तर लागू देत. गणपतीत डोस कमी करायला घेऊ नका. ढोल-ताशे, पाहुणे आणि जागरण यांत कशामुळे काय होतंय ते कळणार नाही. करंट थांबेपर्यंत कर्वे रस्त्यावर स्कूटर अजिबात नको, रिक्षा करा. कधी, काय, किती वेळ झालं ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. डॉक्टरांना त्याचा माझ्या या उत्तरापेक्षा जास्त उपयोग होईल.

मात्र जीव नकोसा वाटला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. यजमानांना लगेच सांगा, जवळच्या हॉस्पिटलात जा. रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.