अडत कोणाकडून घ्यावी

सांगली

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू घरी येऊन वही उघडलीस, द्राक्षबागेवरच्या तुझ्या मराठी ब्लॉगचे चौदा महिन्यांचे आकडे (९६ लेख, जाहिरातींतून ४१ डॉलर) माझ्यापुढे ठेवलेस आणि निघताना चपला घालता घालता विचारलेस, "काका, माझा रस्ता चुकला तर नाही ना?" त्या वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. तू गेल्यावर मात्र झोप लागली नाही, कारण हाच प्रश्न २०१३ साली मी कोणाला तरी विचारायला हवा होता आणि विचारला नव्हता. म्हणून हे पत्र. तू मेहनती आहेस, लिहीत राहा, यश मिळेल, असले काही मी यात लिहिणार नाही. तुला ते माहीत आहे, आणि ९६ लेख लिहिणाऱ्या मुलीला त्याची गरजही नाही.

आधी तुझ्या ४१ डॉलरचा हिशेब नीट लावू. ब्लॉगवरची गूगलच्या जाहिरातीची जागा पान उघडताक्षणी लिलावात जाते. आपल्या मार्केट यार्डातल्या सौद्यासारखेच ते असते, फक्त रुमालाखाली बोटांनी भाव सांगायचा, तो रुमाल हाताला नसतो. बोली लावणारे किती आहेत आणि त्यांना समोरच्या वाचकाकडून काय मिळण्याची आशा आहे, यावर दर ठरतो. इंग्रजीत कर्जाविषयी किंवा विम्याविषयी वाचणाऱ्या माणसासाठी दहा जण बोली लावतात; पलूस तालुक्यातला बागायतदार रात्री मराठीत दावण्या या द्राक्षावरच्या रोगाविषयी वाचत असतो, तेव्हा त्याच्यासाठी फारसे कोणी हात वर करत नाही. जाहिरातदाराने दिलेल्या रकमेतले साधारण ६८ टक्के लिहिणाऱ्याला मिळतात, २०२४ पासून हा हिशेब क्लिकऐवजी जाहिरात दिसण्यावर होतो, आणि खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय बँकेत एक रुपयाही येत नाही. तुझ्या आजच्या गतीने त्याला आणखी वीस महिने लागतील. यात तुझ्या लिखाणाचा दोष शोधू नकोस. ज्या बाजारात तुझ्या मालाला गिऱ्हाईकच उभे नाही, तिथे तू पाटी घेऊन बसली आहेस.

तुझ्या भावाने मित्रांना जाहिरातींवर क्लिक करायला सांगितले, हे तू हसत हसत सांगितलेस. मला हसू आले नाही. हे आजच्या आज बंद कर. असे क्लिक ओळखले जातात, खाते कायमचे बंद होते आणि जमलेली रक्कम जाहिरातदारांना परत केली जाते. त्याहून वाईट म्हणजे त्या खोट्या क्लिकमुळे किती खरी माणसे तुझा लेख वाचतात, हे तुलाच कळेनासे होते.

दुसरा मार्ग तू विचारलास तो वस्तूंच्या दुव्यांचा, म्हणजे अ‍ॅमेझॉनसारख्या ठिकाणी वाचकाने तुझ्या दुव्यावरून जाऊन काही विकत घेतले तर तुला टक्का मिळतो, तो. दुव्यावर गेल्यापासून साधारण २४ तासांच्या आत खरेदी झाली, किंवा निदान वस्तू कार्टमध्ये पडली, तरच तो टक्का तुझ्या खात्यात पडतो. आता तुझा वाचक डोळ्यांपुढे आण. तो औषध गावातल्या कृषी सेवा केंद्रातून उधारीवर आणतो आणि माल गेल्यावर मार्च-एप्रिलमध्ये हिशेब मिटवतो. तुझा लेख वाचून तो रात्री दहा वाजता मोबाइलवर बुरशीनाशक मागवेल, ही कल्पनाच द्राक्षपट्ट्याबाहेरची आहे. छाटणीची कात्री, साखर मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर यांचे दुवे लावायचे असतील तर लाव, त्यात गैर काही नाही. वर्षाकाठी डोमेनचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

खरा गुंता तिसरा आहे आणि त्यासाठीच तू आली होतीस, हे मला वही पाहताना कळले होते. शेवटच्या पानावर तू एका कंपनीची मागणी पेन्सिलीने लिहिली होतीस: सहा लेख, तीस हजार, "जाहिरात" शब्द नको.

तुला ठाऊक आहे की मी यार्डात एका अडत दुकानात, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देऊन त्यावर दलाली (अडत) घेणाऱ्या पेढीत, बावीस वर्षे दिवाणजी होतो. तिथे मी एकच गोष्ट धड शिकलो आणि तीही उशिरा शिकलो. जो पैसे देतो, त्याला तुम्हाला खडसावण्याचा हक्क मिळतो. पट्टीतून, म्हणजे शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबातून, अडत कापली जात असे तेव्हा शेतकरी नाडला जात नव्हता असे मी म्हणत नाही. मी त्याच पट्ट्या लिहीत होतो. पण अडत त्याच्या खिशातून जात होती, म्हणून तो पेढीवर हात आपटून "माझा माल पुन्हा पुकारा" असे म्हणू शकत होता आणि दुकानदाराला ते ऐकून घ्यावे लागत होते. पुढे २०१६ साली फळे आणि भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय राज्य शासनाने केला, त्यावर व्यापाऱ्यांनी बंद पाळला, मोठा गदारोळ झाला. शेतकऱ्याचे पैसे वाचावेत हे योग्यच होते. त्या दिवसांत माझ्या डोक्यात मात्र एकच प्रश्न घोळत होता: आता या पेढीवर हात कोण आपटणार?

लेखणीचेही तसेच आहे. पैसे अशाकडून घे, ज्याने तुला खडसवावे असे तुला वाटते.

मी २००९ मध्ये ब्लॉग सुरू केला. वडिलांची बाग होती, दुकानात रोज पन्नास बागायतदारांशी बोलणे होई, आणि कोणत्या गावात भुरी रोग कधी आला याच्या नोंदी ठेवण्याची मला सवय होती. तेव्हा मराठी मजकुरावर गूगलच्या जाहिराती लावण्याची सोय नव्हती. हिंदीला ती २०१४ च्या डिसेंबरात मिळाली आणि मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. म्हणून चार वर्षे मी फुकट लिहिले आणि फुकट लिहितो याचा मला अभिमान वाटत असे. तो अभिमान मला नडला. २०१३ मध्ये एका कंपनीचा माणूस आला. त्यांचे "जैविक" म्हणून विकले जाणारे एक टॉनिक होते. त्यावर एक लेख लिहायचा, पंचवीस हजार रुपये. बाटलीवर घटकांचा उल्लेख नव्हता. मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की ते कंपनीचे गुपित असते, आणि मी ते मान्य केले. लेखाचा मसुदा मी दोनदा बदलून दिला, कारण पहिल्या मसुद्यात "स्वतः खात्री करून घ्यावी" असे वाक्य होते आणि ते त्यांना नको होते. बघ, त्यांनी पैसे दिले होते, म्हणून त्यांनी मला दोनदा खडसावले आणि मी दोनदा ऐकले.

त्या हंगामात तासगाव तालुक्यातल्या एका बागायतदाराचा निर्यातीचा नमुना प्रयोगशाळेत नापास झाला. बाटलीवर ज्याचा पत्ता नव्हता, अशा कीटकनाशकाचे अंश मण्यांत सापडले. अडीच एकराचा माल, पेट्यांत भरून युरोपला जायचा, तो त्याला बेदाण्याला द्यावा लागला. एके दिवशी सकाळी तो आमच्या घरी आला. त्याने पिशवीतून रिकामी बाटली काढून ओट्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी कंपनीचे पत्रक उलगडून ठेवले. पत्रकावर माझे वाक्य छापले होते, अवतरणचिन्हांत, खाली माझे नाव. मी म्हटले, "दादा, बोला मला, काय बोलायचे ते बोला." तो बराच वेळ त्या बाटलीचे झाकण फिरवत बसला आणि म्हणाला, "तुम्हाला कोणत्या तोंडानं बोलू? मी तुम्हाला कधी रुपया दिलाय?"

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मी आज कदाचित निराळा माणूस असतो. त्याचे ते वाक्य अकरा-बारा वर्षे माझ्या कानात आहे. चार वर्षे तो माझे लिखाण वाचत होता, त्यावर बागेत फवारण्या ठरवत होता, आणि तरीही माझ्यावर त्याचा काहीच हक्क नाही असे त्याला वाटत होते. पंचवीस हजार देणाऱ्या कंपनीचा मात्र होता. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही म्हण आपण दुसऱ्याला लावतो. मी टाळी वाजवत होतो आणि मला ती ऐकू येत नव्हती.

आता कायद्याचेही सांगतो, कारण तुझ्या पेन्सिलीच्या ओळीत तो मोडलेला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाखांपर्यंत, आणि पैसे किंवा वस्तू घेऊन शिफारस करताना "जाहिरात" किंवा "प्रायोजित" असे सरळ शब्दांत लिहिले पाहिजे, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०२३ च्या जानेवारीत दिल्या आहेत. तो शब्द नको म्हणणारा माणूस तुझे नाव विकत घेऊ पाहतो आहे. तुझ्या शेजारी किर्लोस्करवाडीत १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघू लागले, ते एका कारखान्याचे नियतकालिक होते आणि कारखान्याचे नाव त्याच्या कपाळावरच होते. वाचणाऱ्याला ते कोणाचे हे पहिल्या नजरेत कळत होते. एवढे जरी ती कंपनी मान्य करत असेल तर माझा आक्षेप निम्मा कमी होईल. निम्माच, कारण तरीही खडसावण्याचा हक्क तू तिलाच देशील.

मग पैसे कोणाकडून? वाचणाऱ्याकडून. तू लगेच म्हणशील, "काका, शेतकरी वाचायला पैसे देत नाही." हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की आता मला त्याचा राग येतो. हाच शेतकरी पानाच्या देठाच्या आणि पाण्याच्या परीक्षणाचे पैसे देतो, एकरी फी घेणाऱ्या सल्लागाराला बागेत बोलावतो आणि त्याला चहासोबत पाकीट देतो. सल्ल्याला पैसे पडतात हे त्याला पक्के कळते. तू त्याच्याकडे मागितलेच नाहीस, कारण मागायला संकोच वाटतो आणि कंपनीकडून घ्यायला वाटत नाही. हा संकोच उलट जागी आहे.

तुझा सगळा ब्लॉग कुलपात घाल असे मी म्हणत नाही. रोगाची ओळख, औषधांचे काढणीपूर्व दिवस (शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस ठेवायचे ते), छाटणीची तत्त्वे हे सर्वांसाठी खुले ठेव. दावण्यावरच्या तुझ्या लेखात सकाळी सातला, पानावर दव असताना, पान उलटे करून मागच्या बाजूची पांढरी बुरशी दाखवणारा जो फोटो आहे, त्याच्यामुळे लोक तुझ्याकडे येतात. तो कधीही झाकू नकोस. वर्गणी घ्यायची ती हंगामाची. ऑक्टोबरमधल्या गोडी छाटणीपासून (फळासाठीच्या छाटणीपासून) माल उतरेपर्यंतचे चार-साडेचार महिने, आठवड्याला एक पत्र: तुमच्या भागात या आठवड्यात पाऊस किती, पोंगा अवस्थेतल्या (कोंब फुटू लागलेल्या) बागेत काय पाहावे, फुलोऱ्यातल्या बागेत काय टाळावे, कोणती फवारणी केली नाही तरी चालेल. हे शेवटचे नीट वाच. फवारणी वाचवणारा सल्ला कोणतीही कंपनी तुला पैसे देऊन लिहायला सांगणार नाही, आणि शेतकऱ्याला तोच सर्वांत जास्त हवा असतो. हंगामाला पाचशे रुपये ठेव. दोनशे जण मिळाले तर एक लाख होतात. यूपीआयमुळे आज पाचशे रुपये घेणे पाण्यासारखे सोपे झाले आहे. मी २०१४ मध्ये सुरुवात केली तेव्हा अकरा वर्गणीदार होते आणि प्रत्येकाकडून रोख घ्यायला मी मोटारसायकलने गेलो होतो.

माझे चुकलेही असेल, हे मी नाकारत नाही. त्यानंतर आलेल्या चार कंपन्यांना मी परत पाठवले, त्या वर्षांत मुलाच्या अभियांत्रिकीसाठी कर्ज काढावे लागले, आणि घरात त्यावर कोणी काही बोलले नाही म्हणजे कोणाला काही वाटले नाही असे होत नाही. प्रायोजित लेख लिहून प्रामाणिक राहिलेली माणसेही असतील. पण मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेले सांगतो. आज माझे ३८० वर्गणीदार आहेत, गेल्या हंगामात माझा पावसाचा अंदाज चुकला तेव्हा त्यांतल्या चाळीस जणांनी सकाळी आठच्या आत फोन करून मला धारेवर धरले, आणि त्या दिवशी माझी बायको म्हणाली की बऱ्याच वर्षांनी मी फोन खाली ठेवताना हसत होतो. सल्लागार, प्राध्यापक, माझा मुलगा, सगळे मला हट्टी म्हणतात. असेन. त्या ओट्यावर ते बसले नव्हते.

कंपनीला अजून उत्तर दिले नसशील तर नकार दोन ओळींत कळव. कारणे सांगत बसू नकोस, कारणांवर ते घासाघीस करतात. रात्री नऊनंतर तुला तीस-पस्तीस बागायतदार फोन करतात असे तू म्हणालीस आणि तो त्रास असल्यासारखे म्हणालीस. त्यांची नावे, गाव, एकर, द्राक्षाची जात (थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन, जे असेल ते) आणि छाटणीची ठरवलेली तारीख, असे एका कोऱ्या पानावर उतरवून पुढच्या रविवारी घेऊन ये. पेन्सिलीने नको, पेनाने लिही. पहिले पत्र कोणत्या गावांपासून सुरू करायचे ते आपण त्यावरून ठरवू.

तुझा,
काका