लाफ कुणावर काढायचा?

प्रश्न : आमचा हौशी ग्रुप आहे, ऑफिस सुटलं की तालमी. सध्या एक दोन अंकी विनोदी नाटक बसवतोय. मुलगा आणि त्याचा मित्र एकत्र राहतात, ते जोडीदार आहेत हे घरी माहीत नाही आणि वडील अचानक मुक्कामाला येतात. मी मित्राचं काम करतोय. दिग्दर्शक म्हणतात कंबर लचकव, हात मोडून बोल, एन्ट्रीलाच लाफ पडेल. तसं केलं की तालमीत सगळे हसतात पण मला कसंतरीच होतं. नाही केलं तर नाटक पडेल का? – एक हौशी नट

उत्तर : दिग्दर्शकांचं अर्धं बरोबर आहे हो, पहिल्या एन्ट्रीला लाफ पडेल. दुसऱ्या एन्ट्रीला निम्मा पडेल आणि दुसऱ्या अंकात लोक खुर्चीत चुळबुळ करतील, कारण कंबरेला जे सांगायचं होतं ते पहिल्या मिनिटातच सांगून झालेलं असतं.

आता कुणीतरी तुम्हाला 'मोरूची मावशी' सुनावेलच. अत्र्यांनी ती १८९२च्या 'चार्लीज आन्ट' या इंग्रजी फार्सवरून बेतली, पण तिथे मावशी बनलेल्या पुरुषाच्या नुसत्या लुगड्याला हसत नाहीत लोक, हा आत्ता पकडला जातोय की मग, या धास्तीला हसतात. पॅरिसमध्ये १९७३ला आलेलं ज्याँ प्वारेचं 'ला काज ओ फोल' तर जवळजवळ तुमचीच गोष्ट. दोन पुरुषांचा वर्षानुवर्षांचा संसार, मुलाचं लग्न ठरतं, मुलीकडचे कर्मठ आईबाप भेटायला येणार आणि मग घरभर सोंगं. १९८३ला ब्रॉडवेवर त्याचं म्युझिकलसुद्धा झालं. त्या दोघांतला आल्बँ चांगला नखरेल आहे बरं का, म्हणजे नखरा वर्ज्य वगैरे काही नाही, नखरेल माणसं असतातच की. पण त्याला स्वतःच्याच घरातून बाजूला व्हायला सांगतात तेव्हा त्याला लागतं आणि ते लागलेलं प्रेक्षकाला दिसतं, म्हणून लोक त्याच्या बाजूने हसतात.

तुमच्या नाटकात लपवाछपवी आयती आहे, ती वापरा. समजा वडील मुलींचे बायोडेटा घेऊन आलेत आणि मुलगा ऐकत नाही म्हणून तुम्हालाच सांगतात, बाबा रे तूच समजाव त्याला. आता तुम्ही एकेक बायोडेटा मोठ्याने वाचताय आणि प्रत्येक मुलीत खोट काढताय, उंची जास्त, हिला गाण्याची आवड म्हणजे पहाटे रियाझ, आणि वडील खूश, की पोरगा किती काळजीने बघतोय! इथे कंबर हलवायची गरजच नाही, उलट जितके सरळ, गंभीर राहाल तितका हशा वाढेल. फक्त हशा ओसरायला लागल्याशिवाय पुढचं वाक्य टाकू नका, हौशी नट तिथेच घाई करतात (मीही केलीये, चांगले पंच वाया घालवलेत).

दिग्दर्शकांशी वाद घालू नका. एका तालमीत हा प्रवेश असा करून दाखवा, लाफ ऐकला की माणूस आपोआप पटतो.

प्रश्न : मुलासोबत (वय २२) असंच एक नाटक पाहिलं. मी पोट धरून हसले, तो एकदाही हसला नाही, मध्यंतरातही गप्प. तो तसा असेल का? विचारू का? – एक आई

उत्तर : ताई, न हसण्यावरून काहीच कळत नाही, मलासुद्धा अर्धी विनोदी नाटकं हसवत नाहीत. 'तू तसा आहेस का' हे तर अजिबात विचारू नका, कारण या प्रश्नातला 'तसा'च माणसाला गप्प करतो. नाटकाबद्दल बोला. त्या मित्राला सगळे चिडवतात तो प्रवेश मला नंतर जरा खटकला, तुला काय वाटलं रे, एवढंच. खटकला असेल तरच म्हणा हं, पोरांना खोटं लगेच कळतं. पुढेमागे त्याने काही सांगितलंच तर आधी ऐकून घ्या, डॉक्टर शोधायला धावू नका, हा आजार नाही, आणि सप्टेंबर २०१८पासून आपल्याकडे तो गुन्हाही नाही. आणि तो नुसतं 'बोर होतं गं' म्हणाला तर नाटक बोर होतं असंच समजा.